विश्लेषण : चाक ‘निखळत’ नाही, ते सैल सोडलेले असते...

टायर बदलला, पंक्चर काढले किंवा अलाइनमेंट करून घेतली की आपण पैसे देऊन निघतो. चाकाचे नट नीट आवळले आहेत का, हे कोणी पाहत नाही. पाच मिनिटांच्या या कामाअभावी आपला आणि रस्त्यावरच्या इतरांचाही जीव धोक्यात येतो.

‘धावत्या बसचे चाक निखळले, प्रवासी थोडक्यात बचावले’ ही बातमी मराठी वाचकाला नवी नाही. गाव बदलते, गाडी बदलते, शब्द मात्र तेच असतात. कधी शेवट ‘सुदैवाने जीवितहानी टळली’ असा होतो, तर कधी ‘चालकाचा ताबा सुटला’ असा. यातला ‘निखळले’ हा शब्द फसवा आहे. पिकलेले फळ देठापासून गळावे तसे चाक आपोआप गळून पडले, त्यात कोणाचा हात नव्हता, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणीतरी कधीतरी ते चाक काढलेले असते, घाईत बसवलेले असते आणि त्यानंतर तपासलेले नसते.

गेल्या दिवाळीत पुण्याहून साताऱ्याला जाताना हा धडा मला मिळाला. आदल्या संध्याकाळी एका दुकानात टायरची अदलाबदल करून घेतली होती. शिरवळ ओलांडल्यावर मागच्या डाव्या बाजूने बारीक टक-टक ऐकू येऊ लागली. टायरात खडा अडकला असेल म्हणून आणखी चार-पाच किलोमीटर तसाच गेलो. मग स्टिअरिंगला हलकी थरथर जाणवली, तेव्हा चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली. तिथे चहा पीत बसलेल्या एका ट्रकचालकाने गाडीकडे न पाहताच विचारले, ‘‘दादा, कालपरवा चाक खोललं होतं का?’’ खोलले होते. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. तिसरा पाना लावताच सहज अर्धा फेरा फिरला. पुढे खंबाटकी घाट होता आणि मागच्या सीटवर आई आणि दोन मुले.

त्या चालकाचा प्रश्नच या विषयाचे सार आहे. चाक शेवटचे कोणी काढले आणि त्यानंतर कोणी तपासले?

चाक गाडीला कशामुळे धरून राहते?

चाक नट-बोल्टवर टांगलेले असते, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच बरोबर आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाची रिम हबच्या सपाट पृष्ठभागावर घट्ट दाबली जाते. या दोन पृष्ठभागांमधील घर्षण गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि वळणाचा ताण पेलते. नटांचे काम हा दाब टिकवण्याचे असते.

दाब कमी झाला की रिम हबवर केसभर सरकू लागते. मग सगळा भार त्या चार-पाच स्टडवर आडवा येतो. असा भार सतत झेलण्यासाठी ते बनवलेले नसतात. छोट्या कारचे चाक एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेते. ताशी ८० किलोमीटर वेगात ते सेकंदाला ११ वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात रिम थोडी हलली तर नट आणखी सैल होतो, रिमची भोके लांबट होतात, स्टडचे आटे झिजतात आणि शेवटी एक स्टड तुटतो. त्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि मग बाकीचे तुटायला फार वेळ लागत नाही.

नट सैल का होतात?

पहिले कारण अर्थातच निष्काळजीपणा. दुकानात गर्दी असते, फोन वाजतो, काम करणारा मुलगा दुसऱ्या गाडीकडे वळतो आणि एखाद्या चाकाचे नट हाताने फिरवून तसेच राहतात. वर प्लॅस्टिकचे व्हील कव्हर बसले की आतले काहीच दिसत नाही.

दुसरे कारण कमी ठाऊक असते. नीट आवळलेला नटही सैल होऊ शकतो. हबवर आणि रिमच्या आतल्या बाजूला गंज, चिखल किंवा रंगाचा थर असेल तर नट आवळताना तो थर मध्ये दाबला जातो. गाडी काही किलोमीटर चालली की थर चुरून निघून जातो. नट जागेवर दिसतो, पण दाब उतरलेला असतो. म्हणूनच चाक बसवल्यानंतर साधारण ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळून पाहावेत, असे सांगितले जाते. नव्या रिमच्या बाबतीत हे अधिकच गरजेचे आहे.

तिसरे कारण क्रम चुकणे. गाडी जॅकवर असताना एकच नट पूर्ण आवळून टाकला तर चाक तिरके बसते. सगळे नट आधी हाताने आट्यांवर चढवावेत, मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळावेत आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा.

चौथे कारण चुकीचा नट. अनेक जण हौसेने अलॉय व्हील बसवतात. नट रिमला जिथे टेकतो ती जागा काही रिममध्ये शंकूसारखी असते, तर काहींत गोलाकार. जुन्या लोखंडी रिमचे नट तिथे लावले की ते आवळल्यासारखे वाटतात, पण पूर्ण टेकत नाहीत. चाके बाहेर काढण्यासाठी मध्ये चकत्या बसवण्याची फॅशनही याच प्रकारात मोडते. चकतीमुळे नटाला पकडायला आटे कमी उरतात.

जास्त आवळले तर अधिक सुरक्षित नाही का?

नाही. ही चूक सैल ठेवण्याइतकीच महागात पडते. एअर गनने शेवटपर्यंत नट ठोकले किंवा पान्यावर उभे राहून उड्या मारल्या तर स्टड मर्यादेपलीकडे ताणला जातो. तो तेव्हा तुटत नाही, काही महिन्यांनी तुटतो. शिवाय रस्त्यात पंक्चर झाल्यावर असा नट आपल्या हाताने सुटतही नाही.

बहुतेक छोट्या कारच्या नटांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडीसोबत मिळणारा पाना साधारण २५ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या टोकावर ४० किलोचा भार दिला की जवळपास तेवढा जोर मिळतो. म्हणजे सरासरी माणसाने दोन्ही हातांनी नीट जोर देऊन दाबले की काम होते. अचूक जोरासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. ठरवलेला जोर झाला की तो ‘टक्’ करतो. चांगल्या दुकानात तो असतोच, पण गर्दीच्या वेळी तो भिंतीवरून खाली काढला जातो का, हे ग्राहकाने पाहायला हवे. आणखी एक गोष्ट म्हणजे स्टडला ग्रीस किंवा ऑइल लावू नये. आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोरात स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

चाक निघण्याआधी गाडी काय सांगते?

गाडी आधी इशारा देते. अडचण अशी की बंद काचा, एसी आणि गाणी यांत तो ऐकू येत नाही.

सैल चाकाचा पहिला इशारा म्हणजे टक-टक किंवा खडखड असा आवाज. तो कमी वेगातही येतो, वळण घेताना किंवा ब्रेक दाबताना बदलतो आणि वेगाबरोबर त्याची गती वाढते. पुढचे चाक सैल असेल तर स्टिअरिंग डगमगते. मागचे असेल तर सीटखाली थरथर जाणवते आणि गाडीचा मागचा भाग हलल्यासारखा वाटतो.

‘बॅलन्सिंग बिघडले असेल, परत आल्यावर बघू’ ही घातक समजूत आहे. दोन्हींतला फरक सोपा आहे. बॅलन्सिंग बिघडले असेल तर थरथर ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान येते आणि त्याखाली जाते. चाक सैल असेल तर ती ३०-४० च्या वेगालाही असते आणि प्रत्येक किलोमीटरला वाढत जाते. कालपर्यंत नसलेली थरथर आज अचानक सुरू झाली आणि मधल्या काळात चाक काढले गेले होते, तर दुसरे काही शोधत बसू नये. थांबावे.

कधी नट घट्ट असतात, पण चाकाचे बेअरिंग गेलेले असते. त्याचा आवाज घरघर किंवा घुमल्यासारखा येतो आणि वळणावर कमी-जास्त होतो. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले की मेकॅनिकला त्यातला सैलपणा लगेच कळतो. हा दोषही वेळेत दुरुस्त केला नाही तर त्याचा शेवट चाक सुटण्यात होऊ शकतो.

चाक सुटले तर धोका कोणाला?

गाडीतल्या माणसांना आहेच. गाडी एका बाजूला कोसळते, हब रस्त्यावर घासतो, त्या चाकाचा ब्रेक निकामी होतो आणि गाडी कुठे ओढली जाईल ते चालकाच्या हातात राहत नाही.

पण सुटलेले चाक अधिक भयंकर असते. गाडी घासत थांबते, चाक मात्र त्याच वेगाने पुढे धावते, उसळते, दुभाजकावरूनही उडी घेते. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या चाकाचा आघात ते २५ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आठव्या मजल्यावरून, खाली पडल्यासारखा असतो. कारचे चाक १५ किलोच्या आसपास असते. ट्रकचे टायरसह चाक १०० किलोच्या घरात जाते. समोरून येणारा दुचाकीस्वार, थांब्यावर उभी असलेली शाळकरी मुलगी, फळांची हातगाडी लावलेला माणूस, यांना ना आवाज ऐकू येतो, ना सावरायला वेळ मिळतो. त्या नटाशी त्यांचा काहीच संबंध नसतो. म्हणूनच ‘माझी गाडी, माझा जीव, मी बघून घेईन’ हे म्हणणे इथे चालत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावातल्या खड्ड्यांत जो सैल नट कुरकुर करून आपल्याला थांबवतो, तो अशा रस्त्यावर पुरेसा अवधी देईलच असे नाही. रस्ते वेगवान झाले, पण निघण्याआधी चाकाकडे पाहण्याची सवय काही आपण लावून घेतली नाही.

दुचाकीस्वारांनी निर्धास्त राहावे का?

मुळीच नाही. मोटारसायकलचे चाक एका आसावर आणि त्याच्या नटावर असते. चेन ताणताना किंवा पंक्चर काढताना मागचा आस सैल केला जातो. काही गाड्यांत या नटातून आरपार एक छोटी कॉटर पिन असते. ती काढताना वाकते, तुटते, आणि तिच्या जागी तारेचा तुकडा अडकवला जातो किंवा तेही केले जात नाही. दोन-तीन रुपयांच्या वस्तूची ही काटकसर आहे.

ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत मागच्या ब्रेकची प्लेट बहुधा एका पट्टीने स्विंगआर्मला जोडलेली असते. चाक काढताना ती सुटी करावी लागते. तिचा नट बसवायचा राहिला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. पंक्चर काढून झाल्यावर आस, पिन आणि ही पट्टी, या तीन जागांवर बोट ठेवून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

बैलगाडी जुंपण्यापूर्वी आसाच्या टोकाची खीळ पाहण्याची रीत आपल्याकडे होतीच. युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तिथे स्वतःचे बोट घातले, ही कथा आजीने सांगितली नाही असे घर विरळा. एक खीळ निसटल्याने पुढे रामायण घडले, हे ऐकत वाढलेला समाज गाडीचा नट मात्र देवावर सोडतो.

आवाज आला तर काय करावे?

जोरात ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, चारही इंडिकेटर लावून गाडी हळूहळू डावीकडे, रस्त्याबाहेर घ्यावी. द्रुतगती मार्गावर माणसांना गाडीत बसवून ठेवू नये. त्यांना कठड्यापलीकडे सुरक्षित उभे करावे.

मग चारही चाकांचे नट पान्याने तपासावेत. जे चाक आवाज करते तेवढेच पाहू नये, कारण ज्याने एक सैल सोडले त्याने दुसरेही सोडले असेल. नट नुकताच सैल झाला असेल तर आवळून जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. पण भोके लांबट झाली असतील, आटे खराब दिसत असतील, एखादा स्टड तुटला असेल, तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ हा मोह टाळावा आणि गाडी उचलून न्यावी. अशा चाकाचे नट नुसते आवळून भागत नाही. स्टड आणि गरज पडल्यास रिमही बदलावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, दोष माहीत असताना किंवा साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा दोष असताना धोकादायक वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे किंवा चालवू देणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला १,५०० रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सैल नट हा ‘साध्या काळजीने लक्षात येणारा’ दोष आहे, यात शंका नसावी.

पण तपासणी कोण करते? व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी कारची नोंदणी मात्र एकदा झाली की १५ वर्षे चालते. या काळात तिचा धूर नियमित तपासला जातो, चाके नाहीत. शिवाय प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी पंक्चर झाले तर त्या प्रमाणपत्राचा या नटाला काही उपयोग नाही. आणि ज्याने चाक बसवले त्याचे काय? निष्काळजीपणाची सर्वसाधारण कलमे आहेत, ग्राहक संरक्षण कायदाही आहे. पण कोणी, कधी, किती आवळले याची नोंदच नसेल, तर सिद्ध काय करणार?

इतर देशांनी काय केले?

ट्रकची सुटलेली चाके लागून झालेल्या मृत्यूंनंतर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने १९९७ मध्ये कडक कायदा केला. व्यावसायिक वाहनाचे चाक सुटले की वाहनचालक कंपनी दोषी, ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही. दंड २,००० ते ५०,००० कॅनेडियन डॉलर. अवजड वाहनांची चाके बसवणाऱ्याला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तिथे ट्रकच्या सुटलेल्या चाकांत डाव्या बाजूच्या मागच्या चाकांचे प्रमाण जास्त आढळले. तिथल्या अनेक ट्रक-बसच्या नटांवर पिवळ्या प्लॅस्टिकचे छोटे बाण दिसतात. शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडे रोखून ठेवलेले असतात. एखादा नट फिरला की बाणाची दिशा बदलते आणि चालकाला गाडीभोवती एक फेरी मारताच ते कळते. ढाब्यावरून निघताना पान्याने किंवा हातोडीने चाकांवर ठोकून आवाज ऐकणारा आपला जुना ट्रकचालक हेच करत आला आहे.

मग आपण काय करायला हवे?

सगळा भार चालकावर टाकणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. चाक बसवणाऱ्या प्रत्येक दुकानाने बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात, असा नियम परिवहन विभागाने करावा. नट किती जोरात आवळले, कोणी आवळले आणि किती किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला यायचे. ही फेरतपासणी मोफत असावी. यात दुकानदाराचा खर्च एका पान्याचा आणि पाच मिनिटांचा आहे. नोंद ठेवणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला तिचे संरक्षणच मिळेल. चाक सुटले तेव्हा दोष त्याचा नव्हता, हे तो दाखवू शकेल.

रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडून छापील बिलाची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण त्याच्याकडे उभे असताना ‘भाऊ, आता एकदा माझ्यासमोर सगळे नट आवळून दाखव’ असे म्हणायला कायदा लागत नाही. त्यात त्याचा अपमानही नाही. बस आणि ट्रकच्या मालकांनी, मग ते सरकारी असोत वा खासगी, नटांवर बाण लावावेत आणि चालकाला फेरी मारून पाहण्यासाठी पगारी दहा मिनिटे द्यावीत. वेळापत्रकात ती दहा मिनिटे नसतील आणि चाक सुटल्यावर चौकशी फक्त चालकाची होणार असेल, तर ती चौकशी अर्धवट आहे.

उरतो आपण, गाडीचा मालक. पुढच्या वेळी चाक काढले जाईल तेव्हा घरी जाऊन झोपण्यापूर्वी मोबाइलमध्ये एक आठवण लावून ठेवा : ‘५० किलोमीटर, नट.’ लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी टायरचे काम काढूच नका, चार दिवस आधी काढा, म्हणजे गावातल्या गावात तेवढे अंतर होऊन जाईल आणि फेरतपासणी घरच्या घरी उरकेल.

त्या दिवशी शिरवळच्या पुढे ट्रकचालकाने आपला लांब पाना काढून दिला. चारही चाकांचे नट आवळायला आम्हाला सात मिनिटे लागली. घाटात गाडी शांत चालली. मुलांना मागच्या सीटवर झोप लागली होती.